सहा धावा आणि एक झेंडी

"अर्जुनीला क्रिकेट मी शिकवतो! त्यात काय एवढं?"

हे वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा ते माझंच आहे यावर माझा विश्वास बसेना. मी मागं वळून पाहिलं. मागं कोणी नव्हतं! वाचकहो, मी बाजारात वांगी घेतानासुद्धा "ही वांगीच ना?" असं विचारून घेणारा माणूस. जन्मभर मास्तरकी केली, पण फळ्यावर तारीख लिहिली की पोरांकडून खात्री करून घ्यायचो. अशा माणसानं अर्जुनी मोरगावच्या मालगुजारासमोर, म्हणजे गावच्या जमीनदारासमोर, छाती ठोकावी! पण कारणच तसं होतं.

कारण होतं वाचनालय. पेन्शनीत निघाल्यावर मी घराच्या पडवीत एक वाचनालय काढलं होतं. वाचक तीन. पहिला दुपारी झोपायला येई, दुसरा त्याला उठवायला येई आणि तिसरा मी. चौथी वाळवी, पण तीच सगळ्यांत मन लावून वाचत असे. पुस्तकं अशीच पडवीत राहिली असती तर पावसाळ्यापर्यंत फक्त पुठ्ठे उरले असते. आणि तिकडे खेमराज मालगुजारांचं स्टेशनच्या रस्त्यावरचं धानाचं गोदाम रिकामं पडलं होतं! पक्क्या भिंती, कोरडी जमीन, मोठी खिडकी. जाता-येता मी त्या गोदामाकडे असा बघायचो की लोकांना संशय यावा.

"बघत काय बसता जी? जाऊन मागा ना!" आमच्या घरचं माणूस, म्हणजे सुशिलाबाई, कडाडल्या. "उद्या त्यात बिडीचा तेंदूपत्ता भरून जाईल. मंग बसा वाळवी झटकत!"

म्हणून गेलो. खेमराजजी ओसरीवर बसून एका पेटीचे कान पिळत होते. पेटी म्हणजे नागपूरहून आणलेला नवा रेडिओ. मोटारीच्या बॅटरीवर चालायचा.

"गोदाम द्याले मी कुठं नाही म्हणून राहिलो?" ते म्हणाले. "पण गुरुजी, वाचनालयात माणसं कोठी आहेत? गोदामभर माणसं आणून दाखवा, गोदाम तुमचं. नाही तं तेंदूपत्त्याच्या ठेकेदाराले देऊन टाकतो." आणि पुन्हा पेटीचा कान पिळून वैतागले, "हे बघा! मुंबईले क्रिकेटचा सामना होऊन राहिला म्हणते. वेस्ट इंडिजवाले आले. पण सांगणारा सांगते इंग्रजीत! मले ठो समजत नाही. अर्जुनीत कोणाले समजते?"

आणि इथं ते वाक्य निघालं.

माझी अडचण सांगतो. क्रिकेटच्या नियमांचं एक पुस्तक माझ्याकडे होतं. रेल्वेचा एक साहेब विलायतेला परत जाताना टाकून गेला होता. ते मी पुन्हापुन्हा वाचलेलं होतं. फक्त खेळ पाहिलेला नव्हता. चेंडू हातात घेतलेला नव्हता. पण मी समुद्रही पाहिलेला नाही. तरी भूगोल शिकवलाच की!

ठरलं. रेडिओ गोदामात आणायचा. सामना पाच दिवसांचा. तेवढ्यात गोदाम भरलं, तर ते वाचनालयाला.

सुरुवातीचे दिवस गोदामात रेडिओ होता, मी होतो आणि उंदीर होते. रेडिओ इंग्रजीत बोले, मी मराठीत सांगे आणि उंदीर ऐकून न ऐकल्यासारखे करीत. एकदा बकाराम डोकावला. बकाराम म्हणजे आमच्या भागातला पटाचा राजा. शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, त्याच्या जोडीपुढं कोणाची जोडी टिकत नसे.

"हा किती दिवसाचा खेळ आहे जी?" त्यानं विचारलं.

"पाच."

"पाच दिवस? आन निकाल?"

"लागेलच असं नाही."

बकारामनं माझ्याकडे कीव करून पाहिलं. "मंग खेळते कायले?"

याचं उत्तर मला येईना. घरी जाऊन पुस्तकात शोधलं. पुस्तकालाही येत नव्हतं!

चौथ्या दिवशी मात्र मी हातघाईवर आलो. बकारामच्याच अंगणात गेलो. तिथं आठ-दहा माणसं तणसाच्या, म्हणजे भाताच्या पेंढ्याच्या, ढिगाला टेकून पटाच्या गप्पा मारत होती. मी घसा साफ केला. कोणी बघितलं नाही. मी पुन्हा साफ केला. कोणीतरी मला पाणी आणून दिलं.

शेवटी मी डोळे मिटून ओरडलो, "क्रिकेट म्हणजे पटच आहे!"

सगळे वळले.

"हो! दोन खेळणारे असतात. ती जोडी. ती इकडून तिकडे धावते. ती धाव. समोरचे त्यांना अडवतात. आणि सगळं घड्याळावर. वेळ संपायच्या आत आपल्या जोड्यांनी तीनशे एकसष्ट धावा काढल्या की आपण जिंकलो!"

"असं बोला ना मंग!" बकाराम ताडकन उठला. "चार दिवस कायले लपवून ठेवलं जी? आन जोडी सोडाची झेंडी कोण पाडते?"

"झेंडी नसते. एक अंपायर असतो. वेळ झाली की तो दांड्यांवरच्या विट्ट्या उचलतो, की खेळ संपला."

"मंजे झेंडीवालाच तो! नेम पटाचेच असतील?"

इथं वाचकहो, मी "नियम वेगळे आहेत" म्हणायला हवं होतं. पण दहा चेहरे पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होते आणि त्यांच्या मागं मला गोदाम दिसत होतं.

"साधारण... तेच," मी म्हणालो.

"मंग झेंडीवाल्यानं सांभाळून राहावं बाप्पा," एकजण हसला. "मागच्या साली शालीकरामची झेंडी वेळेच्या आंधी पडली, तं दोन्ही बाजूंच्या माणसांले पंगत द्यावी लागली त्याले!"

मीही हसलो. मला काय ठाऊक!

पाचव्या दिवशी गोदाम भरलं. भरलं म्हणजे किती? माझी खुर्ची कोणीतरी बाहेर काढली, कारण तिच्या जागेत तीन माणसं बसत होती! बायका दारात, पोरं खिडकीच्या कठड्यावर. खेमराजजी मधोमध लोडाला टेकून. माझा ऊर भरून आला. मनातल्या मनात मी कपाटं मांडून टाकली: इथं चरित्रं, इथं इतिहास, खिडकीपाशी काव्य.

मग खिडकीबाहेर नजर गेली आणि काव्य आटलं. रेडिओला आवाज पकडता यावा म्हणून खिडकीतून तार काढून बाहेर पुरलेल्या उंच बांबूला बांधली होती. त्या बांबूला बकारामनं आपली जोडी बांधली होती! शिंगांना गोंडे, पाठीवर झूल, मागं शर्यतीचा छकडा जुंपलेला.

"बकाराम," मी म्हणालो, "त्या बांबूला बैल नको."

हे मी इतक्या हळू बोललो की माझं मलाच नीट ऐकू आलं नाही. तेवढ्यात बकारामनंच मोठ्यानं जाहीर केलं, "आपण जिंकलो का माझी जोडी इथून तलावापर्यंत उधळीन! शपथ आहे!"

लोकांनी आरोळी ठोकली. खेमराजजी म्हणाले, "पण बाहेर छकड्यावर बसून तुले समजल कसं रे, जिंकलो म्हणून?"

"गुरुजी झेंडी धरतील ना खिडकीत! जिंकलो का झेंडी खाली. झेंडी वर हाय तोवर माझी जोडी उभी. तिले शिकवलंच तसं!"

आणि माझ्या उजव्या हातात तांबडा गमछा बांधलेली काठी आली. "जी, मला जमेल असं..." मी म्हणत होतो. पण अर्जुनीत कोणी माझी शंका ऐकायला बसलेलंच नव्हतं.

तर आता माझी अवस्था बघा. डावा कान रेडिओला, उजवा हात खिडकीत वर, तोंडानं इंग्रजीचं मराठी. आणि समोर छोटेलाल!

छोटेलाल गोंदियाचा धानाचा व्यापारी. त्याचा साळा मुंबईत राहत असल्यामुळं क्रिकेट आपल्या घरचंच आहे असं त्याचं मत.

"अरे मास्टरजी, कुछ नहीं होगा," तो सुपारी कातरत म्हणाला. "इंडिया कभी जीता है क्या? एक भी टेस्ट नहीं! लिख के ले लो, ड्रॉ."

"ड्रॉ मंजे?" बकाराम बाहेरून ओरडला.

"कोणीच जिंकत नाही," मी सांगितलं.

"असं कसं कोणीच नाही? दोन जोड्या सुटल्या तं एक पुढं राहणारच ना!"

"अपना अपना खेल है भाई," छोटेलाल म्हणाला.

"तू कोणाकडून आहेस रे छोटेलाल? वेस्ट इंडिजकडून?" बकारामनं विचारलं.

"मैं सच की तरफ से हूँ!"

झालं! गोदामाचे दोन भाग पडले. बकारामकडचे भिंतीला, छोटेलालकडचे दाराला. मधे खेमराजजी आणि रेडिओ. प्रत्येक चेंडूवर वाद. आपले मोदी आणि हजारे खेळत होते तोवर बकारामकडचे प्रत्येक धावेला "हर्रर्र! हर्रर्र!" करून बैल हाकायचे, त्या आरडाओरड्यात पुढचा चेंडू बुडून जायचा आणि मग सगळे माझ्यावर उखडायचे: "काय झालं? सांगा ना! झोपले का जी गुरुजी?"

"ऐकू देत नाही तुम्ही!"

"आम्ही कुठं बोलून राहिलो? हा छोटेलाल बोलून राहिला!"

"हजारेनं चेंडू नुसता अडवला," मी सांगितलं.

"कायले अडवला? धावाले काय झालं?"

"बाद व्हायला नको म्हणून."

"मारल्याशिवाय तीनशे होते का? गुरुजी, सांगा त्याले!"

"मी? कसं सांगू?"

"रेडिओत बोला ना!"

मी रेडिओत बोललो नाही. पण खोटं कशाला सांगू, क्षणभर तोंड जवळ नेलं होतं.

मग मोदी बाद झाला. मी सांगितलं आणि बकारामकडचे सगळे उठून धोतर झटकू लागले.

"अरे, कुठं निघालात?"

"जोडी फुटली ना जी! एक बैल पडला, मंग दुसरा एकटा काय धावल?"

"नवीन येतो! बाद झाला की नवीन येतो!"

"मधातच बैल बदलते?" खेमराजजींनाही हे पटलं नाही. "हा कोणता नेम?"

"आहे जी नेम! पुस्तकात आहे!"

"आन किती बदलते?"

"दहापर्यंत. पण आपला एकजण जखमी आहे. तो येणार नाही."

"लंगडा बैल घेऊन पटात उतरले!" भिंतीकडून उसासा निघाला. पण सगळे बसले. गोदाम रिकामं होता होता राहिलं!

हजारेनं शतक केलं. तोही गेला. मग आणखी काही गेले. ऊन कलत आलं, आकडा मात्र चढत होता. तिकडचे लोक मुद्दाम वेळ काढत आहेत असं मी सांगितलं, तेव्हा गोदामात संताप उसळला.

"छोटेलाल, तुझे माणसं वेळ खाऊन राहिले!"

"मेरे आदमी? मैंने भेजे क्या उनको?"

"मंग त्यांच्याकडून कायले बसला?"

माझा हात? तो अजून वरच होता! दुपारी दुखत होता, मग बधिर झाला, आणि आता तो माझा आहे की खिडकीचा हे मला सांगता आलं नसतं. मधे एकदा सुशिलाबाई दारातून डोकावल्या. "अजी, वर हात करून काऊन उभे? कोणी शिक्षा केली का?" सगळं गोदाम हसलं. माझे जुने विद्यार्थी जरा जास्तच.

आणि मग ती वेळ आली. आठ गडी बाद. फडकर खेळतोय. शेवटची षटकं. मुंबईचा तो सांगणारा माणूस इतका ओरडत होता की पेटीचा पडदा थरथरत होता. छोटेलालची सुपारी थांबली. भिंतीकडचे दाराकडे सरकले, दाराकडचे भिंतीकडे, आणि सगळे मिळून माझ्या अंगावर आले.

"किती राहिल्या जी?" खेमराजजींनी लोड सोडून पुढं सरकत विचारलं.

"सहा! फक्त सहा!"

बाहेर बकाराम छकड्यावर उभा राहिला. डोळे माझ्या गमछ्यावर. बैलांनी कान टवकारले.

रेडिओ खरखरला. गोलंदाज धावत येतोय एवढं कळलं. चेंडू टाकला. फडकरनं... फडकरनं काय केलं? खरखर! मुंबईच्या लोकांचा एक प्रचंड गलका. आणि त्यात सांगणाऱ्याचे शब्द बुडाले. मला ऐकू येईना! नीट ऐकू यावं म्हणून माणूस काय करतो? हात कानाशी नेतो. मीही नेला.

उजवा. झेंडीचा.

"हर्रर्रर्र!"

बकारामची जोडी सुटली! बांबूचा दोर सोडायला कोणाला सुचतंय? बांबू मुळासकट उपटला गेला. बांबूमागं तार ताठ झाली. तारेमागं रेडिओ टेबलावरून असा उठला की जणू त्याला तलावावर काही महत्त्वाचं काम होतं! माझ्या डोळ्यांदेखत तो खिडकीतून बाहेर पडला. त्यामागं बॅटरी निघाली होती. ती खेमराजजींनी मिठी मारून धरली म्हणून राहिली. बाहेर तार तुटली, रेडिओ रस्त्याकडेच्या एका तणसाच्या ढिगात जाऊन पडला आणि जोडी बांबू ओढत, धूळ उडवत तलावाकडे दिसेनाशी झाली.

"जिंकलो! जिंकलो!" अर्धं गोदाम बैलांमागं धावलं.

मी तणसातून रेडिओ उकरून काढला. पेटी फुटली नव्हती. कान पिळले, थोपटलं, हलवलं. आत काहीतरी खुळखुळलं. बाकी मौन!

बकाराम गुलालानं माखून परत आला तेव्हा छोटेलालनं दारातच विचारलं, "जीता किसने कहा?"

"झेंडी पडली!"

"मास्टरजी से पूछो ना!"

सगळे थांबले. मी जमिनीकडे बघत म्हणालो, "मी... कानाला हात लावला होता. ऐकू येत नव्हतं म्हणून."

बकाराम तोंडावरचा गुलाल पुसू लागला.

"पण मग जिंकलो असूही शकतो!" मी घाईघाईनं म्हणालो. "सहाच तर राहिल्या होत्या! उद्या नागपूरचं वर्तमानपत्र येईल. तोवर कोणी काही ठरवू नका!"

पण ठरवायचं कोण सोडतो! दिवे लागेपर्यंत अर्जुनीत दुसरा विषय नव्हता. बकारामकडचे म्हणाले, एवढा गलका झाला म्हणजे चेंडू सीमेबाहेर गेलाच असणार. छोटेलालकडचे म्हणाले, आऊट झाल्यावरही लोक ओरडतात. दोन सख्खे व्याही एकमेकांशी बोलेनात. आणि दोन्ही बाजू ज्याला भेटतील त्याला एकच सांगत होत्या: गुरुजींनी कानाले हात लावला कायले?

दुसऱ्या दिवशी स्टेशनवर गाडीपेक्षा गर्दी मोठी होती. पेपर माझ्या हातात दिला गेला. मी वाचला. पुन्हा वाचला. पुन्हा वाचावा अशी फार इच्छा होती, पण खेमराजजींनी खाकरून दाखवलं.

"सामना अनिर्णित," मी म्हणालो. "सहा धावा कमी पडल्या."

छोटेलालनं हात वर करून गोल फिरून दाखवलं. बकाराम मटकन बाकड्यावर बसला.

पण खाली आणखी मजकूर होता! तो वाचून माझ्या जिवात जीव आला. "ऐका, ऐका! लोकांची तक्रार आहे, की त्या गडबडीत अंपायरनं वेळ शिल्लक असतानाच विट्ट्या उचलल्या! वेळेआधी!" मी पेपर उंच धरला. "बघा! एवढा मोठा मुंबईचा अंपायर, त्याचाही हात चुकला! तिथं माझी काय कथा? मला आता कोणी बोलू नये!"

बकारामनं मान वर केली. त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला.

"मालक," तो खेमराजजींना म्हणाला, "मंजे तिकडचाबी झेंडीवाला चुकला."

"चुकला."

"आन इकडचाबी चुकला."

"दोन्ही चुकले."

"मंग नेमाप्रमाणं पंगती दोन झाल्या!"

"वाजवी बोलला," खेमराजजी म्हणाले.

"पण... पण दुसरी त्यानं द्यायची ना!" मी ओरडलो. "मुंबईच्या माणसानं!"

"तो काई अर्जुनीले येऊन राहिला नाही जी," बकारामनं मला प्रेमानं समजावलं. "आन नेम पटाचे आहेत हे कोणी सांगतलं? तुम्हीच ना?"

"बिल्कुल सही बात!" छोटेलाल म्हणाला. त्या सामन्यात बकाराम आणि छोटेलालचं एकमत झालेली ही पहिली गोष्ट!

घरी येऊन मी सुशिलाबाईंना सगळं सांगितलं. दोन्ही बाजूंना जेवू घालायचं, आणि तेही दोनदा. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "वेस्ट इंडिजवाले तं येऊन नाही राहिले ना जेवाले?"

"नाही. त्यांच्याऐवजी छोटेलालकडचे."

"मंग तेल जास्तीचं आणा," त्या म्हणाल्या आणि वरच्या फळीवरचा गंज, म्हणजे मोठं पातेलं, काढायला निघाल्या. जाताना इतकंच बोलल्या, "म्या तुम्हाले गोदाम मागा म्हटलं होतं. गावाले जेवाले बोलवा नव्हतं म्हटलं."

पंगती गोदामातच बसल्या. पहिली माझ्या हाताची, दुसरी मुंबईच्या हाताची. बोलेनासे झालेले व्याही एकाच पत्रावळीपाशी वडे मोजू लागले. दुसऱ्या पंगतीला खेमराजजींनी हात धुताना गोदामभर नजर फिरवली आणि म्हणाले, "गुरुजी, शब्द म्हणजे शब्द. गोदामभर माणसं आणा म्हटलं होतं. तुम्ही तं दोनदा आणली. घ्या गोदाम!"

तर अशा रीतीनं आमच्या वाचनालयाला पक्की जागा मिळाली. चरित्रं, इतिहास, खिडकीपाशी काव्य, सगळं मनात मांडलं होतं तसंच मांडलं. वाळवी पडवीतच राहिली. रेडिओ तेवढा पुन्हा बोलला नाही. तो मी संदर्भग्रंथांच्या शेजारी ठेवला आहे. वाचकांची संख्या म्हणाल तर अजून तीनच आहे.

एक अडचण मात्र कायमची झाली. बकारामचा शेतावर जायचा रस्ता खिडकीवरून आहे. काव्याची पुस्तकं खिडकीपाशी, वरच्या फळीवर आहेत. मी एखादं काढायला हात वर केला, की बाहेर ती जोडी जागच्या जागी उभी राहते, कान टवकारते आणि माझ्या हाताकडे बघत बसते. मग बकारामची हाक येते, "गुरुजी! हात खाली घेऊ नका जी! गाडीत खत भरलं आहे!"

तो खाली उतरून बैल सोडेपर्यंत मी तसाच उभा असतो. म्हणून आमच्या वाचनालयात, वाचकहो, सध्या काव्य कोणाला मिळत नाही.